लकव्यात निघालेली शुगर: ‘टेन्शनची’ की आधीपासूनची?

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६३ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं. भरती करताना शुगर २४६ निघाली. चार दिवस इन्सुलिन दिलं. सोडायच्या दिवशी उपाशीपोटीची ११८ आली म्हणून ते बंद केलं आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘स्ट्रेस हायपरग्लायसेमिया’ (ताणामुळे वाढलेली शुगर) एवढंच लिहिलं, शुगरची गोळी काही दिली नाही. आता घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी १७० ते २१० येते. आत्याचं म्हणणं, आपल्या घराण्यात कुणालाच शुगर नाही, सलाईनने वाढली असेल, उतरेल आपोआप. ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: ही खरी शुगर आहे का, असेल तर आधी कळली कशी नाही, आणि इन्सुलिन आता जन्मभर मागे लागणार का.

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुमचे आकडे पाहता बाबांना मधुमेह लकव्याच्या बराच आधीपासून असावा असं मला वाटतं. ‘असावा’ म्हणते, कारण ज्या तपासणीने याचा निकाल लागतो ती एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, झालेलीच दिसत नाही. तिला उपाशी राहावं लागत नाही, रक्त दिवसात केव्हाही देता येतं आणि कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये ती होते. उद्याच करून घ्या.

आता आत्यांचं म्हणणं. त्या अगदीच चूक बोलत नाहीत. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की शरीरात कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनॅलिन, ग्लुकागॉन ही हार्मोन्स एकदम वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. ज्याला मधुमेह नाही त्याचीही शुगर पहिले काही दिवस यामुळे चढू शकते. त्यात आपण भर घालतो ती वेगळीच. आसपासच्या गावातून पेशंट पाठवताना कुणीतरी डेक्झामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकलेलं असतं. लकव्यात त्याचा काही उपयोग नाही, शुगर मात्र वाढते. कुणी पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावलेली असते. अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. आणि ज्या हाताला ती बाटली चालू आहे त्याच हातातून रक्त ओढलं तर रिपोर्टात भलताच आकडा येतो आणि वॉर्डात धावपळ होते.

तेव्हा ताणाची शुगर असते, हे खरं. माझी तक्रार एवढीच, की ते दोन शब्द लिहिले की सगळे फाईल मिटून टाकतात. तो तात्पुरता अंदाज आहे, आणि त्याच्यापुढे ‘अमुक तारखेला पुन्हा तपासा’ असं लिहिलेलं नसेल तर तो कागद अर्धवट आहे असं मी समजते. न्यूरॉलॉजिस्टचं लक्ष गुठळी, एमआरआय, गिळणं, फिजिओ यांत असतं, आणि ते तिथेच असायला हवं. घराजवळचे डॉक्टर तो कागद वाचतात आणि मोठ्या दवाखान्यात सगळं बघून झालंय असं धरून चालतात. घरच्यांना तर तो ‘टेन्शनची होती’ हा दिलासाच वाटतो. असा तो प्रश्न दोन टेबलांच्या मधे पडून राहतो, आणि काही वर्षांनी तोच माणूस न भरणारी जखम किंवा दुसरा झटका घेऊन येतो.

हे काही विरळा नाही. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी ताज्या लकव्याच्या पेशंटांना ग्लुकोज पाजून तपासलं होतं, २००६ साली ते छापून आलं. सुमारे २० टक्क्यांना मधुमेह आधीपासून माहीत होता, आणखी १६ टक्क्यांना तो तिथे पहिल्यांदा कळला, आणि २३ टक्के मधुमेहाच्या सीमेवर होते. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख सीमेवरचे असा अंदाज दिला. लकवा ज्या वयात येतो त्या वयाची माणसं यात कितीतरी असणार. मधुमेहाने गुठळीच्या लकव्याचा धोका साधारण दुप्पट होतो, म्हणजे न कळलेले मधुमेही लकव्याच्या वॉर्डात जास्तच जमा होणार.

एचबीए१सीवर माझा एवढा भर का, ते सांगते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. चार दिवसांच्या ताणाने तो फारसा हलत नाही. ६.५ किंवा वर आला तर मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे सीमेवर. समजा बाबांचा ५.६ आला. त्याचा अर्थ सरासरी शुगर ११४ च्या आसपास होती आणि भरतीच्या दिवशीची २४६ खरोखरच ताणाची होती. तोच ८.२ आला तर सरासरी १८९ होते, म्हणजे ही शुगर महिनोन्‌महिने घरात राहत होती, लकव्याने ती फक्त दाखवून दिली. तुमच्या बाबतीत झटक्याला तीन आठवडे झालेत, मधल्या काळात शुगर चढलेली होती, म्हणून आकडा ६.४-६.६ असा काठावर आला तर मी लगेच शिक्का मारणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करीन. सात किंवा वर आला तर वाद संपला.

वाईट याचं वाटतं, की ही तपासणी भरतीच्या दिवशीच जवळजवळ फुकटात होण्यासारखी असते. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीसाठी जी जांभळ्या झाकणाची ट्यूब भरतात, एचबीए१सी त्याच ट्यूबमधल्या रक्तावर होतो. वेगळी सुई टोचायची नाही. ट्यूब फ्रिजमध्ये असेल तर नंतरच्या दोन-चार दिवसांतही लॅबला फोन करून ‘तेवढं एक लावा’ म्हणता येतं. कुणाच्या घरचा माणूस आत्ता भरती असेल आणि शुगर वाढलेली निघाली असेल, तर राउंडच्या वेळी हे विचारा. विचारल्यावर कुठल्याही डॉक्टरला राग यायचं कारण नाही.

हा आकडा फसवतोही, आणि आपल्या भागात ते विशेष लक्षात ठेवावं लागतं. झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानीकडून आलेल्या पेशंटांमध्ये सिकल सेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. त्यात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि शुगर असूनही एचबीए१सी खोटा कमी येतो. इंदुरात सिंधी कुटुंबं पुष्कळ, त्यांच्यात थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा अंश असतो; तिथेही आकड्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. नुकतंच रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, तरी तेच. उलट, लोह कमी असलेल्या बायकांत तो थोडा खोटा जास्त येतो. म्हणून शेजारी हिमोग्लोबिन किती आहे हे बघितल्याशिवाय मी एचबीए१सी वाचत नाही. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) पद्धतीचा रिपोर्ट असेल तर मागच्या पानावर आलेख असतो, त्यात भलतीकडेच शिखर दिसलं की समजायचं, हिमोग्लोबिनची जातच वेगळी आहे.

असा गोंधळ असेल किंवा आकडा काठावर असेल, तर ग्लुकोज पाजून करायची तपासणी, लॅबवाले जिला जीटीटी म्हणतात. उपाशीपोटी एकदा रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. दोन तासांची २०० किंवा वर म्हणजे मधुमेह, १४० ते १९९ म्हणजे सीमेवर. हे झटक्याच्या पहिल्या आठवड्यात करण्यात अर्थ नाही, दीड-दोन महिने जाऊ द्या. आधीचे तीन दिवस जेवण नेहमीचं हवं. ‘उद्या तपासणी आहे’ म्हणून भात-पोळी सोडून बसलात तर निकाल बिघडतो. आणि लकव्याच्या माणसाची एक गोष्ट लॅबवाल्यांच्या ध्यानात येत नाही. त्याला पातळ द्रव गिळताना ठसका लागतो. गोड पाण्याचा भरलेला पेला पाच मिनिटांत संपवा म्हटलं की तो घाई करतो, पाणी श्वासनलिकेत जातं, आणि शुगर तपासायला गेलेला माणूस न्यूमोनिया घेऊन परततो. गिळण्याची परीक्षा झालेली नसेल तर जीटीटीच्या वाटेला जाऊच नका. त्याऐवजी उपाशीपोटीची आणि एचबीए१सी वेगवेगळ्या दिवशी करून बघता येतात.

‘उपाशीपोटी ११८ आली म्हणजे नॉर्मल’ असं धरलं गेलं, त्याबद्दलही सांगायला हवं. एक तर ११८ नॉर्मल नाही. १०० च्या खाली नॉर्मल, १२६ आणि वर मधुमेह, मधली सीमेवरची. दुसरं, आपल्या लोकांत अनेकांची उपाशीपोटीची बरी असते आणि जेवणानंतरची उसळते, म्हणून नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर पुष्कळ जण सुटून जातात. तिसरं अगदी बारीक: घरी येऊन रक्त नेणारा मुलगा ते साध्या ट्यूबमध्ये घेतो, मग आणखी चार घरं करत दुपारी लॅबला पोचतो. तोवर ट्यूबमधल्या पेशी साखर खात बसलेल्या असतात, तासाला पाच-सात टक्के. शुगरसाठी करड्या झाकणाची ट्यूब लागते, तिच्यात हे थांबवणारं फ्लोराइड असतं. रक्त देताना झाकणाचा रंग बघायला काय हरकत आहे?

आधी कळलं कसं नाही? मधुमेह पहिली कितीतरी वर्षं दुखत नाही, खुपत नाही. जे होतं त्याला दुसरी कारणं तयार असतात. रात्री तीनदा उठावं लागतं, ते प्रोस्टेट. पायाला मुंग्या येतात, ती कंबर. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो, ते वय. खांदा आखडला, तो रात्री चुकीचा झोपलो म्हणून. मानेवरची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली, तर ती घासून काढायचा प्रयत्न होतो. बाबांना यांतलं काही होतं का, एकदा शांतपणे आठवा. त्यांच्या डोळ्यांचा पडदा थेंब टाकून तपासून घ्या. तिथे मधुमेहाच्या खुणा निघाल्या तर आजार काही वर्षांचा आहे हे कळेल, आणि आत्यांनाही पटेल.

घराण्यात कुणालाच नाही, हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते. पुढे विचारलं की कळतं, आजोबा साठीत ‘बसल्या बसल्या गेले’, काकूंच्या पायाचं बोट कापावं लागलं होतं, पण शुगर तपासली कुणाचीच नव्हती.

आता पुढचं. समजा मधुमेह ठरला. इन्सुलिन जन्मभर लागेल का? बहुतेक नाही. दवाखान्यात ते दिलं कारण त्या दिवसांत खाणं अनिश्चित असतं आणि इन्सुलिनचा डोस तासातासाला बदलता येतो. पहिल्या काही दिवसांत शुगर १४० ते १८० च्या दरम्यान राहिली तर पुरे असते. फार खाली दाबून फायदा होतो का, हे अमेरिकेत शाइन नावाच्या चाचणीत हजारावर पेशंटांवर तपासलं गेलं, निकाल २०१९ मध्ये आला. ८० ते १३० इतकी काटेकोर ठेवलेल्यांचे हात-पाय काही जास्त सुधारले नाहीत, उलट शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग त्यांच्यातच घडले. घरी आल्यावर बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं.

कुठली गोळी, हे तुमचे डॉक्टर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), वजन आणि हृदय बघून ठरवतील. मूत्रपिंडं ठीक असतील तर मेटफॉर्मिन बहुधा पहिलं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या स्वस्त गोळ्यांबद्दल मात्र मी लकव्याच्या म्हाताऱ्या माणसांत फार जपून असते. आज दोन पोळ्या खाल्ल्या, उद्या दोन घास, परवा ठसका लागला म्हणून काहीच नाही. गोळीला ते कळत नाही, ती शुगर खाली ओढतेच. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन हृदयाला आणि मूत्रपिंडाला चांगली, पण लघवीची नळी लावलेली असेल किंवा माणूस पाणीच कमी पीत असेल तर थांबावं लागतं. सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड या इंजेक्शनांनी लकव्याचा धोका कमी होतो हे दिसलंय. वजनदार पेशंटाला चांगली, पण आधीच वाळलेल्या आजोबांची भूक आणखी मारली तर फिजिओ करायला अंगात ताकद कुठून येणार?

शुगर खाली जाण्याचं मी एवढं का सांगते? लकव्यानंतर ती ओळखता येत नाही. धडधाकट माणूस ‘घाम आलाय, हात थरथरतात, काहीतरी खायला दे’ म्हणतो. ज्याची वाचा गेलीय तो काय म्हणणार? तो नुसता चिडतो, नाहीतर गुंगून पडतो, आणि कधी कधी लुळी बाजू आणखी लुळी पडते. घरच्यांना वाटतं दुसरा झटका आला. म्हणून अशा वेळी एक जण १०८ ला फोन लावील, दुसरा बोट टोचून शुगर बघेल. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज. नाकातून नळी असेल तर नळीतून. गुंगीत असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, मध चाटवायचाही नाही, थेट दवाखाना. आणि शुगर ठीक असेल तर तो खरंच लकवा धरून चालायचं आणि घरी एक मिनिट घालवायचं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं.

बोट टोचायचं ते चांगल्या हाताचं. लुळ्या हाताला सूज असते, थेंब येत नाही म्हणून दाबून दाबून काढतात, आकडा चुकतो. आधी साबणाने हात धुवा. सकाळी जिलबी किंवा केळं खाल्लेल्या बोटाच्या आकड्यावर मी आजवर बऱ्याच गोळ्या वाढलेल्या पाहिल्यात.

आकडा किती हवा? चालता-फिरता, साठीतला माणूस असेल तर एचबीए१सी ७ च्या आसपास. अंथरुणाला खिळलेले, ऐंशीच्या पुढचे असतील तर ८ सुद्धा मी चालवून घेते. ‘सहाच्या खाली आणून दाखवतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. तसा प्रयत्न अ‍ॅकॉर्ड चाचणीत झाला होता, त्यात मृत्यू वाढले म्हणून २००८ मध्ये ती बाजू मधेच थांबवावी लागली. खरं सांगायचं तर दुसरा लकवा टाळायचा असेल तर शुगरपेक्षा बीपीचं वजन जास्त आहे. १३० वर ८० च्या खाली बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, रक्त पातळ ठेवणारी गोळी न चुकता, तंबाखू बंद. शुगर नव्याने निघाली की घरात सगळे तिच्याच मागे लागतात आणि बीपीची गोळी संपलीय हे आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने शुगर थोडी वाढते हे मोबाईलवर वाचून ती गोळी परस्पर बंद करणारेही भेटतात. वाढते, किंचित. लकवा झालेल्या माणसाला तिचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. बंद करू नका.

मग शुगर कळून उपयोग काय, असं विचाराल. औषधं बदलतात, डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांच्याकडे लक्ष जातं, आणि लकव्यातून उठण्याची गती सुधारते: पाठीच्या जखमा, लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ या सगळ्या गोष्टी चढलेल्या शुगरमध्ये चिघळतात.

पायाचं वेगळं सांगते, कारण घरात ते कुणी बघत नाही. पाऊल उचललं जावं म्हणून फिजिओवाले प्लॅस्टिकची पट्टी देतात, बुटाच्या आत घालायची. लुळ्या पायाला आधीच संवेदना कमी, त्यात मधुमेहाने मुंग्या आलेल्या. पट्टीची कड घोट्याला किंवा करंगळीच्या मुळाशी घासते, बाबांना कळत नाही. रोज संध्याकाळी पट्टी काढल्यावर मोजा उतरवून, बोटांच्या मधे, टाचेखाली, उजेडात बघा. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पट्टी घालायची नाही, ती नीट करून आणायची. त्या बाजूला गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही देऊ नका. भाजलेलं सकाळी फोड आल्यावर कळतं. खांदा दुखत असेल तर फिजिओला सांगा की शुगर निघालीय. लकव्याचा खांदा आणि मधुमेहाचा खांदा दोन्ही आखडणारे, तेव्हा हालचाल लवकर आणि रोज हवी. हात धरून ओढून उठवू नका, काखेतून आधार द्या.

जेवणाचं. गिळता येत नाही म्हणून मऊ द्यायचं ठरतं, आणि मऊ म्हणजे आपल्याकडे शिरा, साबुदाण्याची खीर, कुस्करलेलं केळं, चहात बुडवलेला टोस्ट, नळी असेल तर नारळपाणी आणि ग्लुकोजची पावडर. सगळं प्रेमाने, आणि सगळं साखर. त्याऐवजी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी (डाळ तांदळाएवढी किंवा जास्त), घट्ट वरण, घोटलेली पालेभाजी, घट्ट दही, कुस्करलेलं पनीर, चालत असेल तर मऊ अंडं. प्रोटीन कमी पडलं तर स्नायू वितळतात. गूळ आणि साखर यात शुगरच्या दृष्टीने फरक नाही. कारल्याचा रस उपाशीपोटी पाजायचा विचार असेल तर पुन्हा तेच: पातळ आहे, ठसका लागेल.

इंदूरकराला पोहे सोडा म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. बाबा नीट गिळायला लागले की अर्धी प्लेट पोहे, वर भरपूर मोडाची उसळ. जिलबी नाही. शेवेची चिमूट ही चिमूटच राहू दे; शेव शुगरपेक्षा मिठामुळे जास्त त्रास देते, बीपी तिथेच चढतं. चहा दिवसातून किती वेळा होतो ते मोजा आणि प्रत्येक कपात साखर किती पडते तेही. पुष्कळ घरांत सगळी शुगर तिथेच सापडते.

आणि एक, कारण नवरात्र जवळ आलं की आमच्याकडे हे विचारतातच. लकव्याच्या पेशंटांना नीमचजवळ भादवा मातेला नेतात, काही जण राजस्थानात बुटाटीला नेऊन आठवडाभर ठेवतात. मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही. गोळ्यांची डबी, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या बरोबर ठेवा, उपास पेशंटाला करायला लावू नका, तुम्ही करा. ‘तिथे असताना औषध घ्यायचं नसतं’ असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. शुगर, बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोडून झालेले सात दिवस पुरे असतात दुसऱ्या झटक्याला.

समजा आकडा सीमेवरचा, म्हणजे ५.७ ते ६.४ निघाला. तरी फाईल मिटायची नाही. वजन जास्त असेल तर थोडं उतरवणं, जेवणानंतर जमेल तेवढं चालणं, निदान वर्षाला एकदा तपासणी. पायोग्लिटाझोन या शुगरच्या गोळीवर २०१६ मध्ये आयरिस नावाची मोठी चाचणी छापून आली होती, अशाच, मधुमेह नसलेल्या पण इन्सुलिन नीट काम न करणाऱ्या लकव्याच्या पेशंटांवर. लकवा किंवा हार्ट अटॅक ११.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले, पण वजन वाढलं, पायांना सूज आली, हाडं जास्त मोडली. लकव्याचा माणूस तसाही पडतो. मी ती गोळी निवडक पेशंटांनाच देते, आणि हृदय कमजोर असेल तर नाहीच.

तुम्ही आणि तुमची भावंडं तिशीच्या पुढे असाल तर एकदा स्वतःची शुगर करून घ्या, आत्यांचीही. बाबांच्या डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्जचा कागद, एचबीए१सी, सीबीसी, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा (प्रोटीनचा) रिपोर्ट न्या. सोबत एक वही न्या, आठवडाभराच्या नोंदींची: रोज दोन वेळा, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी, शेजारी त्या वेळी काय खाल्लं होतं ते. आणि ‘स्ट्रेस’ लिहिलेल्या त्या ओळीवर बोट ठेवून विचारा, की हे पुन्हा कधी तपासायचं.